बांधकामासाठी तात्पुरती वीजजोडणी

बांधकामासाठी तात्पुरती वीजजोडणी म्हणजे घर अथवा अन्य इमारत उभी राहत असताना, केवळ त्या कामापुरती व ठरावीक मुदतीसाठी, वीज वितरण परवानाधारकाकडून मीटरसह घेतलेला वीजपुरवठा होय. काम पूर्ण झाल्यावर ही जोडणी बंद केली जाते आणि इमारतीच्या वापरानुसार कायम जोडणी दिली जाते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील, त्यातही स्वतःचे घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या संदर्भातील पद्धतीचा विचार केला आहे.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात वीज वितरण महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी (महावितरण) करते. मुंबईत हे काम बेस्ट, टाटा पॉवर व अदानी इलेक्ट्रिसिटी यांच्याकडे, तर गोव्यात राज्य शासनाच्या वीज खात्याकडे आहे. पूर्वीच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन ६ जून २००५ रोजी झाले असले, तरी ग्रामीण बोलीत आजही 'एमएसईबी' किंवा नुसते 'बोर्ड' हेच शब्द रूढ आहेत. 'बोर्डाकडून मीटर घेतला' या वाक्याचा अर्थ महावितरणकडून जोडणी घेतली असाच समजावा.

जोडणीची गरज

घरबांधणीत वीज पहिल्यांदा लागते ती पाण्यासाठी. भूमिपूजनानंतर अनेकदा कूपनलिका घेतली जाते. ती खोदणारे यंत्र स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालते, त्यामुळे खोदाईपर्यंत विजेचा प्रश्न जाणवत नाही. पाणी लागते, परंतु ते वर काढणारा पाणबुडी पंप विजेवाचून निरुपयोगी ठरतो आणि टँकर मागवावे लागतात. काँक्रीट व गिलाव्यावर पाणी मारण्याच्या कामातही खंड पडून चालत नाही. भारतीय मानक ४५६ (सन २०००) नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित अथवा तत्सम सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा टिकवावा लागतो. बाजारात आज मिळणारे बरेचसे सिमेंट दुसऱ्या प्रकारचे असते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

यानंतर काँक्रीट दाबून बसविणारा व्हायब्रेटर, लोखंडी गज व फरशी कापण्याची यंत्रे, ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग यंत्र व रात्रीचे दिवे यांना वीज लागते. ग्रामीण भागात काँक्रीट मिक्सर बहुधा डिझेलवर चालतो. त्यामुळे एका मजल्याच्या घराची विजेची गरज समजली जाते त्यापेक्षा कमी असते.

मजुरीच्या दराने दिलेल्या कामात 'वीज व पाणी मालकाने पुरवावे' अशी अट सामान्यतः असते. मालासह दिलेल्या कामात ही जबाबदारी कोणाची, हे करारात लिहिलेले नसल्यास पुढे वाद होतो. जोडणी जमिनीच्या मालकाच्या नावावर असते व देयकाची थकबाकीही त्याच्याच नावावर राहते. तेव्हा ठेकेदार देयक भरणार असला, तरी ते भरले गेल्याची खात्री मालकानेच दरमहा करून घेणे इष्ट होय.

भाराचा अंदाज

अर्जात 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये नमूद करावा लागतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एक अश्वशक्तीचा पंप सुमारे ०.७५ किलोवॅट, दोन अश्वशक्तीचा व्हायब्रेटर सुमारे १.५ किलोवॅट, फरशी कापण्याचे यंत्र १.२ ते १.५ किलोवॅट, चार इंची ग्राइंडर ०.७ ते ०.८५ किलोवॅट आणि दिवे ०.२ किलोवॅट धरल्यास बेरीज साडेचार किलोवॅटच्या आसपास येते. ही सर्व यंत्रे एकाच वेळी चालत नाहीत. व्हायब्रेटर स्लॅबच्या दिवशी चालतो, तर फरशीचे यंत्र काही महिन्यांनी येते. एवढ्या भारास एकफेजी जोडणी पुरते. एकफेजी पुरवठा साधारणतः ४० अँपिअरपर्यंत दिला जातो.

विजेवर चालणारा मोठा मिक्सर, माल वर चढविणारी लिफ्ट किंवा मोठे वेल्डिंग यंत्र वापरायचे असल्यास मात्र त्रिफेजी जोडणीचा विचार करावा लागतो. खोल कूपनलिकेतील पंपही अनेकदा त्रिफेजी असतो. पंप विकत घेण्यापूर्वीच जोडणी कोणती मिळणार हे ठरवावे. हा क्रम उलटा झाल्याने पंप बदलून घेण्याची पाळी येते.

अर्ज व मंजुरी

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने अथवा भोगवटादाराने मागणी केल्यास पुरवठा देणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. या कलमात एक महिन्याची मुदत आहे. केंद्र शासनाच्या वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने नवीन जोडणीसाठी महानगरांत ३ दिवस, अन्य नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस व ग्रामीण भागात १५ दिवस अशा मुदती घातल्या आहेत. मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजली जाते. एखादा कागद अपुरा असेल, तर घड्याळ सुरूच होत नाही. नवीन खांब उभारावे लागणार असल्यास किंवा रोहित्राची क्षमता वाढवावी लागणार असल्यास अधिक काळ लागतो.

महावितरणकडे नवीन जोडणीचा अर्ज 'ए-१' या नमुन्यात, कार्यालयात किंवा संकेतस्थळावरून करता येतो. सोबत ओळखीचा पुरावा व जागेच्या हक्काचा पुरावा लागतो. हा पुरावा म्हणजे सातबारा, आठ-अ, मालमत्ता पत्रक किंवा नोंदणीकृत खरेदीखत. बांधकाम परवानगीची प्रत व परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवालही द्यावा लागतो. सातबारावर अनेक नावे असल्यास इतर सहधारकांची संमती मागितली जाते. वडिलोपार्जित जागेवर घर बांधणाऱ्यांची अडचण तांत्रिक बाबींपेक्षा येथेच अधिक होते.

अर्जानंतर कर्मचारी जागेची पाहणी करतात व खर्चाचे मागणीपत्र देतात. बोलीत त्याला 'कोटेशन' म्हणतात. जोडणीचा आकार व अनामत रक्कम भरल्यावर मीटर बसविला जातो. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी, कारण अनामत परत मागताना तीच दाखवावी लागते. आगाऊ भरणा मीटर घेतल्यास अधिनियमाच्या कलम ४७ नुसार अनामत घेता येत नाही.

दर

बांधकामासाठी वापरलेली वीज महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशांत घरगुती नव्हे, तर वाणिज्यिक वर्गवारीत धरली जाते. त्यामुळे प्रतियुनिट दर चढा असतो. 'मी राहण्यासाठीच घर बांधतो आहे' हा युक्तिवाद येथे चालत नाही. दर वेळोवेळी बदलत असल्याने त्या वर्षीचा आदेशच पाहावा.

याला एक महत्त्वाची सवलत जोडलेली आहे व ती पुष्कळांना ठाऊक नसते. राहत्या घरातच दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम करणाऱ्या घरगुती ग्राहकाला वेगळी तात्पुरती जोडणी घ्यावी लागत नाही. आयोगाच्या दर आदेशांतील तरतुदीनुसार चालू महिन्याचा वापर ५०० युनिटांपर्यंत असल्यास आकारणी घरगुती दरानेच होते. वापर त्यापुढे गेल्यास त्या महिन्याची आकारणी वाणिज्यिक दराने होते. ही सवलत अस्तित्वात असलेल्या वास्तूपुरती आहे, मोकळ्या भूखंडावरील नव्या घराला ती लागू नाही. जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधताना मीटर परस्पर काढून ठेवू नये. कार्यालयास लेखी कळवून तो सुरक्षित जागी हलवून घ्यावा.

उसनी वीज

प्रत्यक्षात लहान घरांची पुष्कळशी कामे तात्पुरत्या जोडणीवाचून, शेजाऱ्याच्या घरातून ओढलेल्या वायरीवर पार पडतात. देणाऱ्याला हा शेजारधर्म वाटतो आणि घेणारा दरमहा ठरलेली रक्कम देत असल्याने यात काही गैर आहे असे दोघांनाही वाटत नाही. कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये 'विजेचा अनधिकृत वापर' या संज्ञेत दोन गोष्टी स्पष्टपणे येतात. ज्या कारणासाठी पुरवठा मंजूर झाला त्याहून अन्य कारणासाठी वापर करणे ही एक, आणि ज्या जागेसाठी पुरवठा मंजूर झाला त्याहून अन्य जागेत तो नेणे ही दुसरी. शेजाऱ्याच्या घरगुती मीटरवरून बांधकाम चालविताना दोन्ही घडतात. मीटर व्यवस्थित फिरतो आहे व देयक वेळेवर भरले जाते आहे, यामुळे त्यात फरक पडत नाही.

अशा वापराची आकारणी लागू वर्गवारीच्या दुप्पट दराने होते. अनधिकृत वापर कधीपासून सुरू झाला हे निश्चित करता आले नाही, तर तपासणीच्या दिनांकापूर्वीचे १२ महिने धरले जातात. याचा परिणाम ध्यानात घ्यावा. काम तीनच महिन्यांपूर्वी सुरू झाले असेल, पण ते सिद्ध करता आले नाही, तर आकारणी वर्षभराची होऊ शकते. बांधकाम परवानगीचा दिनांक आणि सिमेंट, वाळू व विटांच्या पावत्या अशा वेळी उपयोगी पडतात.

रक्कम वापर करणाऱ्याकडून अथवा त्या वापराचा लाभ घेणाऱ्या अन्य व्यक्तीकडून वसूल करण्याची तरतूद कलमात आहे. व्यवहारात मात्र कागद येतो तो मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी. उपकार करणाऱ्यावरच देयकाचा बोजा पडतो. ज्याचे घर बांधले जात आहे त्याने ती भरपाई करावी, हे केवळ त्याच्या सौजन्यावर अवलंबून राहते. वर्षानुवर्षांचे घरोब्याचे संबंध अशा एका कागदाने तुटतात.

प्रथम तात्पुरता निर्धारण आदेश दिला जातो व त्यावर हरकत घेता येते. सुनावणी होऊन तात्पुरता आदेश बजावल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश व्हावा लागतो. अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ नुसार ३० दिवसांत अपील करता येते, परंतु निर्धारित रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

शेतीपंपाच्या जोडणीवरून घराचे काम करणे हा याच प्रकाराचा ग्रामीण अवतार. शेतीचा दर अत्यल्प आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मुख्यमंत्री बळीराजा योजनेखाली मोफत वीज मिळत असल्याने हा मोह अधिकच वाढला आहे. मंजूर कारण 'शेतीसिंचन' असल्यामुळे विहिरीवरील पेटीतून घराच्या जोत्यापर्यंत नेलेली वायर अनधिकृत वापरातच मोडते. शिवाय शेतीवाहिनीवर त्रिफेजी वीज पाळीने, ठरावीक तासच असते. स्लॅबच्या दिवशी ऐन वेळी ती गेली की व्हायब्रेटर थांबतो.

खांबावरील तारेवर आकडा टाकणे ही यापुढची पायरी असून ती कलम १३५ खालील वीजचोरी ठरते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भार १० किलोवॅटपेक्षा कमी असल्यास पहिल्या दोषसिद्धीवेळी दंड चोरीतून झालेल्या आर्थिक लाभाच्या तिपटीहून कमी नसतो. आकड्याने होणारे अपघात ही निराळीच बाब. त्या जोडणीत वितळतारही नसते आणि भूसंपर्कही नसतो.

जागेवरील मांडणी

कायम जोडणीतील वायरिंग भिंतीत, नळीत, कोरड्या जागी असते. बांधकामावर तीच वीज चिखलातून, सळयांवरून, ओल्या हातांत जाते. ओल्या त्वचेचा विद्युत रोध कोरड्या त्वचेपेक्षा पुष्कळ कमी असल्याने घरात केवळ झटका देणारा दोष येथे जीव घेऊ शकतो. 'तात्पुरते आहे, चालून जाईल' ही वृत्ती म्हणूनच इथे सर्वांत घातक आहे.

मीटर व मुख्य स्विच पावसापासून बंदिस्त पेटीत, जमिनीपासून उंच, पक्क्या खांबावर किंवा भिंतीवर असावेत. परांचीच्या बांबूला पेटी बांधू नये, कारण परांची हलते व एके दिवशी काढली जाते. पेटीत एमसीबीबरोबर ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी असणे अत्यावश्यक आहे. बाजारात त्याला अजूनही 'ईएलसीबी' म्हणतात. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नव्हे. माणसाच्या शरीरातून जमिनीत गळणारा अल्प प्रवाह ओळखून पुरवठा क्षणात तोडणे हे आरसीसीबीचे काम होय. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. वारंवार पुरवठा तुटतो म्हणून आरसीसीबी वगळून थेट जोडणी करण्याचा प्रकार कामावर सर्रास दिसतो. वास्तविक तो तुटतो याचाच अर्थ कुठेतरी गळती आहे.

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात वीजयुक्त, तटस्थ व भूसंपर्क अशा तीन तारा शिकविल्या जातात. कामावर येताना त्यांतली तिसरी बहुधा गळून पडते. तिला सर्वत्र 'अर्थिंग' म्हणतात. धातूचे आवरण असलेल्या प्रत्येक यंत्राला, म्हणजे पंप, व्हायब्रेटर, मिक्सर व वेल्डिंग यंत्र यांना, ती जोडलेली हवी. त्यासाठी जागेवर स्वतंत्र इलेक्ट्रोड पुरावा. उन्हाळ्यात त्याभोवतीची माती कोरडी पडून भूसंपर्क क्षीण होतो, म्हणून तेथे पाणी ओतत राहावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसविणे, किंवा प्लगच न वापरता वायरीची उघडी टोके काडीने सॉकेटमध्ये खोचणे, या दोन्ही सवयी मालकाने पहिल्या दिवशीच बंद पाडाव्यात.

वायरीच्या जाडीकडे होणारे दुर्लक्ष पंप जळण्याचे एक मोठे कारण आहे. समजा, पेटीपासून पंप ६० मीटर दूर आहे व १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली. जाऊन-येऊन १२० मीटर लांबीचा रोध सुमारे २.२ ओहम भरतो. पंप चालू असताना ६ अँपिअर प्रवाहाला सुमारे १३ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. सुरू होताना पंप काही क्षण पाचपट प्रवाह घेतो असे धरले, तर हीच घट ६५ व्होल्टपर्यंत जाते. मग पंप नुसता घुमतो, फिरत नाही व तापतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हेच आकडे सुमारे ५ व २७ व्होल्ट असे उतरतात. वायरीत वाचविलेले पैसे अशा रीतीने पंपाच्या दुरुस्तीत जातात.

वायर जमिनीवर सोडल्यास त्यावरून ट्रॅक्टर व हातगाड्या जातात. ती डोक्याच्या वर, आधार देऊन न्यावी किंवा नळीतून पुरावी. सांधे शक्यतो असूच नयेत. असल्यास ते पाण्यात किंवा लोखंडाच्या ढिगावर येणार नाहीत असे पाहावे. स्लॅबसाठी बांधलेल्या सळयांचे जाळे हा अखंड वाहक असतो. त्यावर सोललेली वायर पडली, तर वर उभा असलेला प्रत्येक जण धोक्यात येतो.

वरून जाणाऱ्या वाहिन्या

प्लॉटवरून किंवा शेजारून वीजवाहिनी जात असल्यास जोडणीइतकाच तिचाही विचार करावा लागतो. भारतीय विद्युत नियम, १९५६ पासून चालत आलेल्या सुरक्षा अंतरांनुसार लघुदाब वाहिनी इमारतीच्या वर किमान २.५ मीटर व बाजूला किमान १.२ मीटर दूर असावी लागते. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीसाठी हे अंतर वर ३.७ मीटर व बाजूला १.२ मीटर आहे, तर ३३ हजार व्होल्टसाठी बाजूचे अंतर २ मीटर होते. ही अंतरे तात्पुरत्या रचनांनाही लागू असतात. नियोजित कामामुळे ती मोडणार असतील, तर मालक व ठेकेदार यांनी परवानाधारकास व विद्युत निरीक्षकास आराखड्यासह आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते. त्या आराखड्यात परांचीही दाखवावी लागते, ही बाब सहसा विसरली जाते.

नियमाने अंतर पुरेसे असूनही अपघात होतात, ते बहुधा लांब वस्तूंमुळे. वर चढविली जाणारी सळई, ॲल्युमिनियमची शिडी, गिलावा करणाऱ्याची लांब पट्टी वा लोखंडी पाइप वळविताना तारेला लागतो. उच्चदाब वाहिनीला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असे नाही, पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी उडते. वाहिनी हलविण्याचा खर्च सामान्यतः मागणी करणाऱ्यावर पडतो. तो जड वाटल्यास त्या बाजूचे काम पूर्वसूचनेने पुरवठा बंद करवून उरकता येते.

कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. हाताने ओढू जाणारा दुसरा माणूस बळी पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. उच्चदाब वाहिनीच्या बाबतीत लाकूडही भरवशाचे नाही. तेथे वाहिनी बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. पुरवठ्यासंबंधी सूचना देण्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे.

जनित्र

जोडणी मिळेपर्यंत किंवा वीज नसताना भाड्याचे जनित्र वापरले जाते. ते वाहिनीशी एकाच पेटीत जोडायचे असल्यास दोन्ही पुरवठे एकत्र येऊ न देणारा चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे. अन्यथा जनित्राची वीज उलट वाहिनीत जाते आणि बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. बंद खोलीत जनित्र चालवू नये.

तक्रारी

जोडणीस विलंब, चुकीची वर्गवारी किंवा अनामत न मिळणे अशा तक्रारी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे व त्यानंतर विद्युत लोकपालाकडे नेता येतात. लोकपालाची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. कलम १२६ व १३५ खालील प्रकरणे मात्र मंचाच्या कक्षेबाहेर आहेत. उसन्या विजेचा वाद म्हणूनच मंचासमोर टिकत नाही.

बांधकाम पूर्ण झाल्यावर

तात्पुरती जोडणी आपोआप कायम होत नाही. कायम जोडणीसाठी नवा अर्ज, घरातील वायरिंगचा नवा चाचणी अहवाल व नवी अनामत लागते. नागरी भागात भोगवटा प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजीच्या निकालात पूर्णत्व अथवा भोगवटा प्रमाणपत्र सादर झाल्यावरच इमारतींना वीज, पाणी व मलनिःसारणाच्या जोडण्या द्याव्यात असा निर्देश दिला आहे. प्रमाणपत्र रखडल्यामुळे बांधकामाच्या जोडणीवरच, चढ्या दराने, कुटुंबे राहत असल्याचे चित्र शहरांच्या कडेच्या वसाहतींत आढळते. अशा वेळी मंजूर कारण व प्रत्यक्ष वापर यांत तफावत पडते, शिवाय मंजूर मुदत उलटून जाते. मुदत संपण्यापूर्वी वाढ मागणे आणि कायम जोडणीचा अर्ज शेवटच्या हप्त्याचे काम चालू असतानाच करणे सोयीचे ठरते.

जोडणी बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा व मीटरवरील अखेरच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवावे. अंतिम देयक भरल्यानंतर अनामत रकमेचा परतावा मिळतो. अर्ज न देता नुसता स्विच पाडून ठेवल्यास स्थिर आकार चालूच राहतो व थकबाकी साचते.